बोटभर जागेचा इतिहास

सायकलचा इतिहास लिहिणारे चाकाविषयी लिहितात, साखळीविषयी लिहितात, हवेच्या टायरविषयी तर भरभरून लिहितात. परंतु टायर आणि चिमटा यांच्यामध्ये जी रिकामी जागा असते, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. खरे पाहता, सायकल कोणासाठी घडवली गेली याची साक्ष ही जागाच देते. पुण्याच्या रस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली काळी, भारदस्त सायकल मूळ इंग्रजी घडणीची. तिच्या टायरवर बोट सहज फिरावे इतकी मोकळीक असे आणि तीत पत्र्याचे मडगार्ड सुखाने नांदे. शर्यतीच्या सायकलीला मडगार्ड बसवू गेले, की मात्र गाठ मिलिमीटरांशी पडते. ही तंगी आली कोठून?

1885 साली कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने जवळजवळ सारख्या चाकांची 'रोव्हर' सायकल पुढे आणली. 1888 मध्ये बेलफास्टला डनलॉपने हवेचे टायर केले. उंच चाकावरचा स्वार आता दोन चाकांच्या मध्ये, रस्त्याच्या जवळ आला. पुढचे चाक त्याच्या पायांवर आणि साखळीवर चिखल उडवी, मागचे पाठीवर. मडगार्ड ही तेव्हापासूनची गरज.

इंग्लंडमध्ये या गरजेने एक वेगळेच वळण घेतले. सार्वजनिक रस्त्यांवरील घोळक्याच्या शर्यतींना तेथील सायकल संघटनेनेच बंदी केली. त्यावर 1895 च्या सुमारास फ्रेडरिक बिडलेक आदी मंडळींनी तोड काढली : भल्या पहाटे, एकेकट्याने, घड्याळाशी शर्यत. स्पर्धक काळे कपडे घालीत, उगाच कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. हे बहुतेक नोकरी-कारखान्यांतले लोक. दुसरी सायकल ठेवण्याची ऐपत थोड्यांचीच. ज्या सायकलीवर आठवडाभर कामाला जायचे, तिच्यावरच रविवारी शर्यतीला जायचे. शर्यतीची हलकी चाके पुढच्या आसाच्या दोन्ही बाजूंना अडकवायची, ठिकाणावर पोचले की मडगार्ड उतरवायचे, चाके बदलायची, शर्यत करायची आणि सगळे पुन्हा चढवून घरी परतायचे. कॉव्हेन्ट्रीजवळच्या वुल्स्टनचे ब्ल्यूमेल यांचे सेल्युलॉइडचे हलके मडगार्ड अशांना फार सोयीचे पडत.

या दुहेरी संसारामुळे फ्रेमला सैल राहणे भाग होते. महायुद्धानंतरच्या वर्षांत रोजच्या 27 इंची चाकाची रिम 630 मिलिमीटर व्यासाची, तर शर्यतीची 622 ची. म्हणजे ब्रेकचे रबर 4 मिलिमीटर खालीवर सरकले पाहिजे, आणि वर मडगार्डलाही जागा उरली पाहिजे. फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या प्रवासी सायकली घडवणारे रने एर्स यांच्यासारखे कारागीर तर फ्रेम आणि अॅल्युमिनियमचे मडगार्ड यांचा विचार एकत्रच करीत.

पुढे मोटार सामान्य माणसाच्या दारी आली. सायकल शर्यतीला मोटारीतून जाऊ लागली आणि तिला पावसात कामावर जाण्याचे कारण उरले नाही. 1970 नंतर तर चाक फ्रेमला जितके बिलगून, तितकी सायकल चपळ, अशी समजूत रूढ झाली. नव्या ब्रेकची पोच, म्हणजे वरच्या बोल्टपासून रबरापर्यंतचे अंतर, साधारण 39 ते 49 मिलिमीटरवर आली. मडगार्डला सुखाचे व्हावे म्हणून 47 ते 57 चे वेगळे ब्रेक शोधावे लागू लागले.

तरी पाऊस थांबला नव्हता. तेव्हा लोकांनी युक्त्या काढल्या. कोणी टायर एक माप बारीक करी. कोणी मडगार्ड ब्रेकखाली दोन्ही कडांनी कापून निमुळते करी. कोणी ते चिमट्यापाशी तोडून दोन तुकडे पुढे-मागे पट्टीने जोडी; मधली जागा उघडीच. रबरी पट्ट्यांनी बांधायचे आखूड मडगार्डही निघाले. या खटाटोपात एक धोका आहे. पुढच्या मडगार्डात काटकी शिरली, तर ते गोळा होऊन चिमट्यात अडकते, चाक जागीच थांबते आणि स्वार तोंडावर आपटतो. म्हणून आधाराच्या सळ्या ताण येताच सुटाव्यात, अशी योजना चांगल्या मडगार्डांत असते. टायर आणि मडगार्ड यांत निदान 5 मिलिमीटर तरी ठेवावेत, हा शहाणपणाचा हिशेब.

आता चक्र उलटे फिरले आहे. डिस्क ब्रेक रिमऐवजी आसापाशी काम करतो, त्यामुळे टायरवरचा अडसर गेला. 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने रस्त्यावरील शर्यतींत त्याला कायमची मान्यता दिली. टायर रुंदावले, फ्रेम सैलावल्या आणि अनेक सायकलींत मडगार्डचे छुपे पेचही दिसू लागले.

या बोटभर जागेत एक नीतीही दडली आहे. मागच्या मडगार्डचा लाभ स्वतःच्या पाठीला होतो तितकाच, किंबहुना अधिक, पाठोपाठ येणाऱ्याच्या तोंडाला होतो. म्हणूनच इंग्लंडातील क्लबांच्या हिवाळी फेऱ्यांत मडगार्ड नसलेल्याने रांगेच्या शेवटी राहावे, अशी रीत पडली. शर्यतीत मागच्याचा विचार करून चालत नाही, रस्त्यावर तो केल्यावाचून चालत नाही. फ्रेम घडवणाऱ्याने यांपैकी काय डोळ्यांपुढे ठेवले होते, ते ती जागा सांगते.