महेश्वर-नावडातोली : दोन विभागांचे सामायिक उत्खनन

निरनिराळ्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांनी एकाच प्रकल्पावर काम करावे, ही कल्पना अलीकडची मानली जाते. पुरातत्त्वाच्या अध्यापनात मात्र ती अर्धशतकाहून जुनी आहे. डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि ह. धी. सांकलिया तेथे पुरातत्त्व शिकवू लागले. त्यांचे शिष्य बी. सुब्बाराव यांच्याकडे १९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील नव्या पुरातत्त्व विभागाची धुरा आली. गुरू पुण्यास, शिष्य बडोद्यास; नर्मदाकाठच्या संयुक्त कार्याचा पाया या नात्यातच होता.

१९५२-५३ मध्ये दोन्ही विभागांनी मिळून उत्खनन केले. नदीच्या उत्तर तीरावर अहिल्याबाई होळकरांची राजधानी महेश्वर, समोर दक्षिण तीरावर नावडातोली, म्हणजे नावाड्यांची वस्ती. येथे ताम्रपाषाणयुगीन गाव उजेडात आले: गोल व चौकोनी झोपड्या, माळव्याची रंगीत मृद्भांडी, जळून काळे पडलेले धान्य.

अशा कामात समन्वयाची कसोटी भाषणांत नव्हे, नोंदवहीत लागते. एकाच थराला दोन चरांत वेगळे क्रमांक पडले, किंवा एका घाटाच्या खापराला पुण्याचा विद्यार्थी एक नाव देऊ लागला व बडोद्याचा दुसरे, तर दोन्ही वह्या परस्परांना निरुपयोगी ठरतात. उकरलेला थर पुन्हा उकरता येत नाही. तेव्हा भाषा आधीच ठरवावी लागते. धान्याच्या ओळखीसाठी तर लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील विष्णु मित्र यांची मदत घ्यावी लागली.

याहून अवघड काम अहवालाचे. पहिल्या हंगामाचा वृत्तांत सांकलिया, सुब्बाराव व शां. भा. देव यांच्या नावे १९५८ मध्ये, दोन्ही संस्थांचे संयुक्त प्रकाशन म्हणून निघाला. १९५७-५९ च्या उत्खननाचा अहवाल यायला १९७१ साल उजाडले. दरम्यान १९६२ मध्ये सुब्बाराव निवर्तले होते. चर खणण्यास दोन हंगाम पुरतात, लिहिण्यास तप लागते. सामायिक कामात हा विलंब अधिकच बोचतो, कारण हाती आलेली सामग्री दोन गावी विभागली जाते. या दुसऱ्या अहवालावर सांकलिया व देव यांच्यासमवेत झैनुद्दीन अन्सारी यांचे नाव आहे. नेवासे (१९६०), आहाड (१९६९) आणि पुढे इनामगाव (१९८८) यांच्या अहवालांवरही ते आढळते.