घासाघीस आणि एक भाव

गेल्या वर्षीं घर बदलण्याचा प्रसंग आला, तेव्हां तीर्थरूपांची हार्मोनियम विकावयाचें ठरलें. त्यांना जाऊन आठ वर्षें झालीं होतीं. घरांत दुसरें कोणी वाजविणारें नव्हतें, आणि नव्या जागेंत पेटीपुरता कोपरा उरला नव्हता. मुलीनें पेटीचें छायाचित्र काढलें, मोबाइलवर जुन्या वस्तूंचा जो बाजार भरतो त्यांत तें चढविलें, आणि माझ्या सांगण्यावरून त्याखालीं २०,००० रुपये हा आंकडा लिहिला. अर्ध्या तासांत पहिला निरोप आला : ‘५,००० देतों, आज नेतों.’ दुसऱ्यानें ‘शेवटचा भाव बोला’ एवढेंच विचारलें. तिसऱ्यानें तर चार हजारांवरच बोळवण केली. माझा संताप अनावर झाला. ज्या पेटीवर लहानपणीं पहाटे ललताचे सूर ऐकले, तिची ही संभावना! मी एक खरमरीत उत्तर लिहूं लागलों, तोंच मुलगी म्हणाली, ‘बाबा, त्यांनीं आजोबांची किंमत केलेली नाहीं. पेटीची विचारली आहे.’

त्या वाक्यानें राग शमला नाहीं, परंतु विचाराला चालना मिळाली. इतिहास शिकविण्यांत ज्याचीं तीस वर्षें गेलीं, त्याला आपल्या रागाचाही इतिहास शोधण्याची खोड लागते. पाडून मागणारा मनुष्य आपणांस उद्धट कां वाटतो? ज्या पिढ्या भाजीवालीशीं, कासाराशीं, बोहारणीशीं नित्य घासाघीस करीत आल्या, त्यांना तो तसा वाटत नसे. आपली दृष्टि पालटली ती दुकानांतील वस्तूवर चिकटविलेल्या किमतीच्या चिठ्ठीमुळें. ही चिठ्ठी इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ‘एक भाव’ हीच व्यापाराची मूळ रीत आणि घासाघीस ही तिची विकृति, असें आपण धरून चालतों. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. घासाघीस पुरातन आहे. एक भाव ही मनुष्यानें मागाहून, प्रयत्नानें घडविलेली संस्था आहे. ती कां घडली हें पाहिल्यावांचून, पाडून मागणाऱ्याला उत्तर कसें द्यावें हेंही नीट उमगणार नाहीं.

घासाघीस केवळ लोभांतून जन्मते असें नाहीं. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानें मोरोक्कोंतील सेफ्रू गांवच्या बाजाराचा अभ्यास करून १९७८ सालीं एक मार्मिक निबंध लिहिला. त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ असा कीं, जेथें मालाची प्रत ठरीव नाहीं आणि खरा भाव कोणालाच नीट ठाऊक नाहीं, तेथें माहिती हीच सर्वांत दुर्मिळ वस्तु असते, आणि ती काढून घेण्याचें साधन म्हणून लोक घासाघीस करितात. गिऱ्हाईक कमी आंकडा बोलतें तें पुष्कळदां दुकानदाराचा चेहरा वाचण्यासाठीं. या अर्थानें पाडून मागणें हा एक प्रश्नच आहे. मात्र जुन्या बाजारांत या प्रश्नोत्तरांना मर्यादा असे. गिऱ्हाईक उन्हांतून चालत आलेलें असे. दोघे समोरासमोर असत. आणि उद्यां पुन्हां एकमेकांस तोंड दाखवावयाचें असे.

या रीतीविरुद्ध इंग्लंडांत सतराव्या शतकांत क्वेकर पंथानें नैतिक आक्षेप घेतला. जॉर्ज फॉक्स हा त्या पंथाचा संस्थापक. मनुष्यानें होय तें होय आणि नाहीं तें नाहीं म्हणावें, हा त्याच्या अनुयायांचा बाणा. आणि घासाघिशींत तर विक्रेता आधीं एक किंमत सांगतो व मग दुसरी घेतो. म्हणजे पहिली खोटी होती, हें उघडच झालें! म्हणून क्वेकर दुकानदार एकच भाव सांगूं लागले. प्रारंभीं गिऱ्हाइकें बिचकलीं व दूर गेलीं. पुढें मात्र यांच्या दुकानीं लहान मूल पाठविलें तरी तें फसणार नाहीं, अशी त्यांची ख्याति झाली. फॉक्सनें आपल्या आत्मवृत्तांत ही गोष्ट समाधानानें नमूद केली आहे. एक भावाचें सारें मर्म या मुलाच्या दाखल्यांत आहे. घासाघिशींत चतुराचा लाभ होतो; एक भावांत जें अजाण आहे, भिडस्त आहे, त्याचें रक्षण होतें.

जवळजवळ त्याच काळीं पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाला हीच गोष्ट निव्वळ व्यवहारबुद्धीनें घडली. मित्सुइ ताकातोशी या जपानी व्यापाऱ्यानें १६७३ सालीं एदो, म्हणजे आजचें टोकियो, येथें एचिगोया नांवाचें कापडाचें दुकान काढलें. त्या वेळचे मोठे कापडवाले माल घेऊन सरदारांच्या वाड्यांवर जात, उधारीवर देत, आणि ती उधारी मोसमाच्या किंवा वर्षाच्या शेवटीं वसूल करीत. त्यामुळें बुडीताची भीति आणि व्याज हीं दोन्हीं किमतींत मिसळून भाव फुगत असे. ताकातोशीनें दुकानांतच, रोखीनें, ठरीव भावानें आणि हवें तेवढें तुकडा कापून कापड विकण्यास आरंभ केला. प्रतिस्पर्ध्यांनीं त्याला पुष्कळ छळलें. १६८३ सालीं त्याला दुकान दुसऱ्या पेठेंत हलवावें लागलें. पण नव्या जागेंतही त्यानें तीच रीत चालविली व ती यशस्वी झाली. आजचें मित्सुकोशी हें त्याच दुकानाचें वंशज होय.

एकोणिसाव्या शतकांत ही पद्धत पॅरिस आणि अमेरिका येथें स्थिरावली. १८५२ सालीं आरिस्तीद बुसिको हा ‘बाँ मार्शे’ या दुकानांत भागीदार झाला. त्यानें वस्तूवर किंमत लिहिली, आंत येऊन नुसतें पाहून जाण्याची मोकळीक दिली, आणि न आवडलेला माल परत घेण्याचें कबूल केलें. फिलाडेल्फियांत जॉन वानामेकर यानें १८६१ सालीं दुकान काढून याच मार्गानें मोठी पेढी उभारली. येथें धर्माइतकेंच गणितही होतें. दुकानदार स्वतः गल्ल्यावर बसला असेल तर तो गिऱ्हाइकाची नाडी ओळखून भाव ठरवील. परंतु ज्याच्या दुकानांत शेंकडों नोकर राबतात, त्याला ही कला प्रत्येकाच्या हातीं कशी सोंपवितां यावी? तेव्हां किंमत चिठ्ठीवर गेली. मात्र एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. माल खोटा निघाला तर परत घेऊं, हें वचन या चिठ्ठीच्या पाठीशीं होतें. सत्याचा भार विक्रेत्यानें आपल्या शिरावर घेतला, आणि त्याच्या मोबदल्यांत गिऱ्हाइकानें घासाघिशीचा हक्क सोडून दिला.

दुकानदारांनीं जें आपखुषीनें केलें, तें शेतमालाच्या बाबतींत आपल्याकडे कायद्यास करावें लागलें. जुन्या बाजारांत दलाल व व्यापारी रुमालाखालीं हात घालून बोटांच्या खुणांनीं भाव ठरवीत. काय ठरलें तें त्या दोघांस कळे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारीं उभा राहून नुसती रुमालाची हालचाल पाही. अडला हरि गाढवाचे पाय धरी, अशी त्याची गत. माल परत नेण्याचें गाडीभाडें त्याला कोठून परवडणार? वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ सालीं त्या प्रांतासाठीं कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२८ सालीं शाही शेतकी कमिशननें अशा बाजारांची शिफारस केली, आणि मुंबई इलाख्याचा कायदा १९३९ सालीं आला. कायद्यानें सर्व अन्याय नाहींसा झाला असें कोणी म्हणणार नाहीं. पण भाव रुमालाखालून उजेडांत यावा, हें तत्त्व त्यानें मान्य केलें.

आतां आपल्या काळाकडे वळूं. १९९५ सालीं पियेर ओमिद्यार यानें अमेरिकेंत जें संकेतस्थळ काढलें तें पुढें ईबे या नांवानें प्रसिद्ध झालें. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तु म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. त्याला १४ डॉलर ८३ सेंट आले. घेणारा मोडके लेझर पॉइंटरच जमवीत होता! आरंभीं तेथें लिलाव चाले. पुढें ठरीव किमतीही आल्या. आणि २००५ सालीं लिहिलेल्या किमतीहून कमी मागणी नोंदविण्याची सोय झाली. २००६ सालीं निघालेल्या ओएलएक्ससारख्या ठिकाणीं तर अशी बोलणीं हाच नेम झाला. म्हणजे दोनअडीच शतकें खपून जी चिठ्ठी चिकटविली, ती आम्ही एका पिढींत पुन्हां सोलून काढली. बाजार परत आला, परंतु उन्हांतली पायपीट, समोरचा चेहरा आणि उद्यांची भेट हीं त्याच्याबरोबर परत आलीं नाहींत. उचलली बोटें लावलीं पडद्याला! एकच माणूस पंचवीस ठिकाणीं पाव किमतीची मागणी टाकून ठेवतो. चोवीस जण रागावले तरी त्याचें कांहीं जात नाहीं.

परंतु त्याला सर्वस्वीं दोष देणेंही न्याय्य नाहीं. जुन्या मालाच्या बाजारांत विक्रेत्याला दोष ठाऊक असतात, गिऱ्हाइकाला नसतात. म्हणून गिऱ्हाईक वाईटांत वाईट धरूनच आंकडा बोलतें, हें जॉर्ज ॲकर्लॉफ या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या दाखल्यानें दाखविलें. पाडून मागितलेली किंमत ही पुष्कळ अंशीं आपण न सांगितलेल्या दोषांची वजावट असते. दुसरें असें कीं, मालक स्वतःही निर्मळ नसतो. कानेमान, क्नेट्श आणि थेलर यांनीं १९९० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे पेले दिले. घटकाभरापूर्वीं हातीं आलेला पेला सोडण्यास ते जी किंमत मागत, ती घेणाऱ्यांच्या किमतीच्या सुमारें दुप्पट भरली. घटकाभराच्या मालकीची ही कथा, तर चाळीस वर्षांच्या पेटीची काय सांगावी!

मीं जाहिरात काढून घेऊन नव्यानें लिहिली. भाता दुरुस्तीस आला आहे, वरच्या सप्तकांतले दोन सूर उतरले आहेत, हें आधींच सांगितलें. तसल्या जुन्या पेट्या किती रुपयांस जातात याची चौकशी करून १४,५०० हा आंकडा घातला. ईबेवरील व्यवहार तपासणाऱ्या संशोधकांना असें आढळलें आहे कीं, गोल आंकडा लिहिणाऱ्यास मागण्या कमी किमतीच्या येतात, पण लवकर येतात. गोल आंकडा म्हणजे विकण्याची घाई, असें लोक समजतात. बारा हजारांखालीं जावयाचें नाहीं हें मनाशीं पक्कें केलें, कारण ही सीमा राग येण्यापूर्वींच आंखावी लागते. त्याखालच्या मागणीला एकच उत्तर : ‘धन्यवाद, तेवढ्यांत जमणार नाहीं.’ टोमणा नाहीं, कैफियत नाहीं. एका गृहस्थानें मात्र कांहींएक न विचारतां पूर्ण किंमत मान्य केली, आणि पैसे घेण्यासाठीं एक चौकोनी संकेतचित्र पाठवून त्यावर माझा गुप्त आंकडा दाबावयास सांगितलें. पैसे घेतांना गुप्त आंकडा कधींच लागत नाहीं, हें मुलीला ठाऊक होतें म्हणून वांचलों. ज्याला द्यावयाचेंच नसतें, तो घासाघीस कशाला करील? त्या दिवसापासून पाडून मागणाऱ्यांविषयीं मला थोडा आदरच वाटूं लागला.

शेवटीं एक गायनशिक्षिका आल्या. त्यांनीं नऊ हजारांपासून आरंभ केला. मीं कारण विचारलें, तेव्हां दुरुस्तीचा खर्च त्यांनीं कलमवार सांगितला, आणि त्यांतलीं दोन कलमें मला मान्य करावीं लागलीं. १२,५०० वर सौदा तुटला.

पेटी गेल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली. तीर्थरूपांनींही ती नवी घेतली नव्हती. एका जुन्या सामानाच्या दुकानांतून त्यांनीं ती घेतली, आणि दुकानदारानें सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमी आंकड्यापासून कसा आरंभ केला, हें ते आम्हां मुलांना जेवतांना मोठ्या अभिमानानें सांगत. त्या दुकानदाराला त्या दिवशीं काय वाटलें असेल, हा विचार आमच्यापैकीं कोणाच्याही मनांत कधीं आला नव्हता.