कागदावरची हवाई जहाजं: लानाच्या नौकेपासून शकुन विमानापर्यंत

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. सोबत बऱ्याचदा एक चित्र असतं: पक्ष्यासारखे पंख, शेपूट आणि मध्ये मजले. हे चित्र नक्की कुठलं? त्याआधी थोडं मागे जाऊ.

तांब्याचे गोळे

१६७० मध्ये इटलीतल्या फ्रान्चेस्को लाना या पाद्र्याने उडत्या नौकेची कल्पना मांडली. तांब्याच्या पातळ पत्र्याचे चार गोळे, आतली हवा काढून टाकलेली, आणि नौकेला शीड. हवेपेक्षा हलकं ते वर जाणार, हे तत्त्व बरोबरच आहे. पण बाहेरची हवा दर चौरस मीटरला सुमारे १० टन दाब देते, त्यामुळे एवढा पातळ गोळा लगेच चेपला जाईल. शीडही निरुपयोगी, कारण जे जहाज वाऱ्यासोबतच वाहतंय त्याला वारा लागणार कुठून?

प्रत्यक्षात काय चाललं?

१८५२ मध्ये हेन्री जिफार यांचं हवाई जहाज पॅरिसहून सुमारे २७ किमी गेलं. ४४ मीटर लांब फुगा आणि ३ अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन! फुगा एवढा मोठा का? १ घनमीटर हायड्रोजन जेमतेम १.१ किलो वजन उचलतो. चित्रकार मात्र मोठं जहाज आणि वर इवलासा फुगा काढून मोकळे व्हायचे.

शकुन विमानाचं चित्र

आता मेसेजमधलं चित्र. ते 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथासाठी बंगळुरूच्या एल्लप्पा या ड्राफ्ट्समनने १९२३ मध्ये काढलं, म्हणजे तळपदे गेल्यानंतर. ग्रंथ सांगणारे पंडित सुब्बराय शास्त्री.

१९७४ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी हा ग्रंथ तपासला. त्यांचे निष्कर्ष:

• ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही.
• यातलं एकही विमान उडू शकत नाही.
• चित्रांत सिलिंडर, पिस्टन, वर्म गिअर दिसतात, म्हणजे आधुनिक यंत्रांची माहिती आहे. एल्लप्पा स्थानिक इंजिनिअरिंग कॉलेजमधले होते, त्यामुळे यात नवल नाही.

पुढच्या वेळी असं चित्र आलं की तीनच प्रश्न विचारा: वजन किती, ते उचलतं कोण, आणि चित्र कोणत्या साली काढलं?