दालन आणि वावर

प्रदर्शन हा शब्द उच्चारतांच शहरांतील मनुष्याच्या डोळ्यांपुढें राजधानी उभी राहते. विस्तीर्ण आवार, उंच छताचीं दालनें, देशोदेशींचे ध्वज, मांडलेल्या मालापुढून हळूहळू सरकणारी गर्दी आणि सायंकाळची रोषणाई, हें चित्र सुशिक्षित कुटुंबांच्या चांगल्या परिचयाचें आहे. परंतु पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागीं, बारामतीजवळ शारदानगर येथें, जानेवारीच्या थंडींत एक निराळ्या तऱ्हेचें प्रदर्शन भरत आलें आहे. तेथेंहि मंडप असतात, यंत्रें असतात, विक्रेते असतात. पण पाहण्याची मुख्य वस्तु छताखालीं नसते, ती जमिनींत रुजलेली असते. ‘कृषिक’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या प्रदर्शनाचें मर्म ध्यानांत येण्यास दोन इतिहास शेजारीं शेजारीं ठेवावे लागतात. एक राजधान्यांतील दालनांचा, व दुसरा बारामती-इंदापूरच्या भूमीचा.

दालनांच्या इतिहासाचा आरंभ बहुधा लंडनपासून केला जातो. इ. स. १८५१ च्या १ मे रोजीं हाईड पार्कमध्यें जें महाप्रदर्शन उघडलें, त्यासाठीं जोसेफ पॅक्स्टन यानें लोखंड व कांच यांचा प्रचंड प्रासाद उभारला. हा पॅक्स्टन मूळचा बागवान. नाजूक झाडांसाठीं कांचगृहें बांधतां बांधतां त्याला ही रचना साधली होती. म्हणजे रोपांसाठीं निघालेलें घर पुढें मालाचें घर झालें. पांच-साडेपांच महिन्यांत प्रेक्षकांची संख्या साठ लक्षांवर गेली. हिंदुस्थानचाहि विभाग तेथें होता आणि तो ईस्ट इंडिया कंपनीनें सजविला होता. येथील पीक होतें, वस्त्रें होतीं, हस्तिदंती काम होतें. मात्र ज्यानें तें पिकविलें किंवा घडविलें, त्याला त्या मांडणींत बोलण्यास जागा नव्हती.

स्वतंत्र भारताच्या राजधानीनें हीच परंपरा आपल्या रीतीनें पुढें चालविली. १९५९ च्या डिसेंबरांत दिल्लीस जागतिक कृषि प्रदर्शन भरलें व त्या प्रसंगीं अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर उपस्थित होते. स्वातंत्र्यास पंचवीस वर्षें झालीं त्या निमित्तानें ३ नोव्हेंबर १९७२ रोजीं प्रगति मैदानावर ‘एशिया ७२’ हें प्रदर्शन सुरू झालें. वास्तुशिल्पी राज रेवाल व अभियंते महेंद्र राज यांनीं त्यासाठीं ‘हॉल ऑफ नेशन्स’ उभारला. अशी जाळीदार रचना इतरत्र पोलादाची करीत. येथें पोलाद दुर्मिळ व महाग, म्हणून ती काँक्रीटची केली आणि मजुरांच्या हातांनीं जागेवरच ओतली. अडचणींतून निघालेली ही वास्तु जगांत नांवाजली गेली. तरीहि एप्रिल २०१७ मध्यें ती पाडण्यांत आली. त्याच मैदानावर नवें अधिवेशन-केंद्र, ‘भारत मंडपम्’, २६ जुलै २०२३ रोजीं उघडलें व त्या वर्षाच्या ९ आणि १० सप्टेंबरास वीस राष्ट्रगटाची परिषद तेथें भरली. अवघ्या पंचेचाळीस वर्षांत एक दालन गेलें व पुढें त्याच्या जागीं दुसरें आलें. प्रदर्शन उठल्यावर मागें काय उरतें, हा प्रश्न दालनांच्या इतिहासांतून असा आपोआपच निघतो. आणि त्याचें उत्तर शोधण्यास बारामती-इंदापूरचा मुलूख फार सोयीचा आहे.

कारण हा मुलूख दीर्घकाळ स्वतःच एक मांडलेली वस्तु होता. पाहणारे बाहेरचे असत, आणि पाहून ठरविलेले प्रयोग शेतकऱ्याच्या अंगावर केले जात. पेशवाई गेल्यानंतर प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्यानें जमिनीची पाहणी केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा ५५ भाग सरकारचा, असा हिशेब बसविला. १८३० सालीं हे दर इंदापुरास लागू झाले. कागदावर हिशेब चोख होता. पण उत्पन्नाचे अंदाज चुकले, धान्याचे भाव उतरले, पाऊस रुसला, आणि कुणबी जमिनी टाकून परमुलखांत निघून गेले. तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ नंतर तेथेंच फिरून मोजणी केली. जमिनीचा पोत व मातीची खोली पाहून प्रत लावावी, साऱ्याचा आकार हलका ठेवावा व तो तीस वर्षें बदलूं नये, ही त्यांची पद्धति. इंदापुरांत ती टिकली आणि तेथून सबंध मुंबई इलाख्यांत पसरली.

तीस वर्षांची मुदत संपली, फेरपाहणी झाली व सारा वाढला. त्याच सुमारास अमेरिकेंतील यादवी युद्ध थांबल्यामुळें कापसाचा चढलेला भाव कोसळला होता. कर्जाच्या ओझ्याखालीं पिचलेला शेतकरी १२ मे १८७५ रोजीं सुप्यास उठला. सुपें हें गांव आज बारामती तालुक्यांत आहे. त्या वेळीं तें भीमथडी तालुक्यांत मोडे. दिवस आठवड्याच्या बाजाराचा होता. सावकारांचीं दुकानें लुटलीं गेलीं, आणि हां हां म्हणतां हें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरून जागोजाग कर्जरोखे जाळण्यांत आले. या दंग्यांची चौकशी होऊन १८७९ चा शेतकरी कायदा झाला. पण त्याआधींच १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ कोसळला होता; आणि कायद्यानें पाऊस पडत नाहीं, हें त्यानें सर्वांस दाखवून दिलें.

दुष्काळाच्या या धड्यांतून नीरेचा डावा कालवा निघाला. वेळवंडी नदीवर भाटघर येथें धरण, नीरेवर वीर येथें बंधारा, आणि तेथून पूर्वेकडे सुमारें शंभर मैल वाहत जाणारा पाट, अशी ही योजना. १८८५ च्या सुमारास पाणी वाहूं लागलें. भाटघरचें आजचें मोठें धरण मागाहूनचें, १९२८ सालचें. पाणी दारीं आलें तरी शेतकरी लगेच बागाईतदार झाला, असें मात्र घडलें नाहीं. पाऊस बरा झाला कीं ज्वारी-बाजरीवाल्यास पाटाचें पाणी नकोसें होई. पाणीपट्टी भरून जमीन चोपण होण्याचें भय पत्करण्यास तो तयार नसे. उसास भांडवल लागे, खत लागे, दारें धरण्याची कला लागे. ही विद्या सासवडकडील माळी बागाईतदारांच्या हातीं होती. ते कालव्याच्या कांठीं आले, त्यांनीं खंडानें जमिनी घेतल्या व ऊस उभा केला. बांधापलीकडील शेतकरी तो रोज पाहत होता. सरी किती रुंद, पाण्याची पाळी कितव्या दिवशीं, पेंड केव्हां घालावयाची, गुऱ्हाळ कधीं लावावयाचें, हें सारें तो बांधावर उभा राहून शिकला. या मुलखांतील पहिलें खरें प्रदर्शन म्हणावयाचें तर तें हेंच. त्यास मंडप नव्हता, तिकीट नव्हतें. परंतु पाहणाऱ्यास मालकाची मेहनत, खर्च आणि प्रसंगीं त्याचें नुकसानहि उघड दिसत होतें.

पुढें शेठ वालचंद हिराचंद यांनीं इंदापूर तालुक्यांत कळंबच्या माळावर वालचंदनगर वसविलें व १९३० नंतरच्या दशकांत तेथें साखर कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर माळेगांवसारखे कारखाने शेतकऱ्यांनीं स्वतःच्या सहकारानें काढले. मात्र कालव्याच्या वरचें जिराईत रान कोरडेंच राहिलें. साठ-सत्तरच्या दुष्काळी वर्षांत तेथें कामाच्या मोबदल्यांत धान्य देऊन पाझर तलाव बांधण्यांत आले. त्याच खटपटींतून १९७१ मध्यें बारामतीस ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही संस्था निघाली. आप्पासाहेब पवार हे तिचे प्रमुख शिल्पकार. १९९२ सालीं तिच्याकडे कृषि विज्ञान केंद्र आलें, आणि ‘कृषिक’ प्रदर्शन भरतें तें याच संस्थेच्या आवारांत.

या प्रदर्शनाची पूर्वतयारी सुतार व रंगारी करीत नाहींत. जानेवारींत दाखवावयाचें पीक त्यापूर्वीं कित्येक महिने लावावें लागतें. उसासारख्या पिकास तर वर्षाचा अवधि हवा. एकाच पिकाचे निरनिराळे वाण शेजारीं उभे असतात. ठिबकाच्या नळ्या, शेडनेटमधील भाजी, गोठ्यांतील जनावरें प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. २०२४ सालीं मातींतील संवेदक, उपग्रहाचीं चित्रें व कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या आधारें पाणी व खत ठरवून वाढविलेलें पीक तेथें दाखविण्यांत आलें. पाहणारा शेतकरी कणीस सोलून पाहतो, पेरें मोजतो, ढेकूळ हातांत चुरतो, आणि विचारतो तो प्रश्न एकच: एकरीं खर्च किती व पाणी किती?

या प्रश्नाच्या उत्तरार्धांतच सारी कसोटी आहे. कालव्याच्या मुखाशीं असलेल्या बागाईतदारास नव्या वाणाचा लाभ सहज घेतां येतो. सुप्याकडील जिराईत गांवांना, किंवा इंदापूर तालुक्यांत पाटाच्या शेवटास असलेल्या शेतांना, तो तितका सहज मिळत नाहीं. त्याच तालुक्याच्या उत्तर सीमेवर, १९८० सालीं पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यानें गांवें बुडविलीं. जलाशय भरला तरी त्यापासून दूर असलेलें शिवार तहानलेलेंच राहिलें. अशा रानाचा धनी प्रदर्शनांतून रंगीत पत्रकें घेऊन परतला, तर १८३० च्या कागदी हिशेबाहून त्याच्या पदरांत अधिक कांहीं पडलें, असें म्हणतां येणार नाहीं. पण ऊस निम्म्या पाण्यांत कसा काढावा, किंवा तो न लावतांहि संसार कसा चालवावा, हें त्याला तेथें डोळ्यांनीं दिसलें व घरीं करून पाहतां आलें, तर त्या आवाराचें सार्थक झालें.

राजधानीच्या दालनास प्रतिष्ठा असते व देशाला तिची गरजहि असते. मात्र तेथील मांडणी पडदा पडला कीं उचलली जाते. शारदानगरास जें दाखविलें जातें, त्याचा निकाल प्रदर्शनाच्या दिवसांत लागत नाहीं. तो पुढच्या मृगांत, कोठल्या तरी दूरच्या वावरांत, शेतकरी तिफण जुंपून काय पेरतो त्यावरून लागतो.