बॅटरी काठावर, बोट पाण्यात

मुठीत मावणारं पेट्रोल इंजिन मॉडेल बोटीत बसवायचं, तर १९४०च्या दशकात खरी डोकेदुखी असायची ठिणगीची. कॉइल, कंडेन्सर, बॅटरी, हे सगळं लटांबर सोबत न्यायचं. वजनानं बोट दबायची, आणि वायरिंगवर पाणी उडालं की खेळ खल्लास.

१९४७ मध्ये अमेरिकेत रे आर्डन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. आत प्लॅटिनमची बारीक तार. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलनं ती तापवायची, मग सेल काठावरच ठेवायचा. पुढे प्रत्येक स्फोटाची उष्णता आणि प्लॅटिनमवर होणारी मिथेनॉलची रासायनिक क्रिया, यांवर तार तापलेली राहते. आणि इंधनात वंगण म्हणून काय? आपलं एरंडेल!

बोटीत मात्र दोन गोष्टी जास्तीच्या लागतात. विमानाचा मोठा पंखा इंजिनावर वारा घालतो, शिवाय फ्लायव्हीलचंही काम करतो. बोटीचा पंखा छोटा, तोही पाण्याखाली. म्हणून शाफ्टवर जड फ्लायव्हील, आणि इंजिन थंड ठेवायला तळ्याचंच पाणी फिरवणारी नळी.

थोडं वजन परत आलंच, पण आता ते कामाचं होतं. दोन स्फोटांच्या मधे इंजिन फिरतं ठेवणारं!