बंद पडलेली मोटार ओढून नेताना : नियम, साधने आणि खबरदारी

रस्त्यात बंद पडलेल्या मोटारीला दुसऱ्या वाहनाच्या मागे दोर बांधून ओढत नेण्याचे दृश्य देशातील कोणत्याही रस्त्याला नवे नाही. गॅरेजच्या बोलीत या प्रकाराला ‘टोचन’ म्हणतात. ‘टो चेन’ या इंग्रजी शब्दजोडीचा तो अपभ्रंश मानला जातो. काम वरवर सोपे भासते. पुढच्या गाडीत ताकद आहे, दोर मजबूत आहे, मग अडचण ती कोणती? अडचण थांबण्याच्या क्षणी उभी राहते. दोर गाडीला ओढू शकतो, थांबवू शकत नाही. पुढच्या चालकाने ब्रेक दाबला की मागच्या गाडीला रोखणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मागच्या चालकाचा पाय. आणि इंजिन बंद असल्याने त्या पायाखालचा ब्रेक नेहमीसारखा चालत नसतो. ओढकामातील बहुतेक नियमांचे मूळ या वस्तुस्थितीत आहे.

इंजिन बंद पडल्यावर काय बदलते

बहुतेक मोटारींत ब्रेकचा पाय हलका करणारी यंत्रणा इंजिनमुळे निर्माण होणाऱ्या निर्वातावर चालते. इंजिन बंद झाल्यावर साठलेला निर्वात दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंत पुरतो. त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते. ब्रेक निकामी झालेला नसतो, मात्र तोच परिणाम साधण्यासाठी कित्येक पट जोर लावावा लागतो. पॉवर स्टिअरिंगचेही तसेच आहे. साहाय्य थांबताच चाक जड होते आणि कमी वेगात तर अधिकच जड लागते. ज्याला या दोन्ही गोष्टींची कल्पना नाही, असा चालक पहिल्याच वळणावर किंवा पहिल्याच थांब्यावर गोंधळतो.

तिसरी बाब किल्लीची. किल्ली काढून घेतली की स्टिअरिंगचे कुलूप लागते आणि गाडी वळत नाही. त्यामुळे ओढल्या जाणाऱ्या मोटारीची किल्ली चालू स्थितीत ठेवणे आवश्यक असते. मागचे दिवे आणि इंडिकेटरही त्याशिवाय लागत नाहीत. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर अनेकदा कुलूप उघडतच नाही. अशी गाडी दोराने ओढण्याच्या योग्यतेची राहत नाही.

कायद्याची चौकट

भारतात या विषयाची शिस्त 1989 च्या रस्ता नियमांनी घालून दिली. नादुरुस्त वाहन ओढून न्यायचे ते जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत, असे त्या नियमांचे सूत्र होते. ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या चालकाच्या आसनावर त्या प्रकारच्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती हवी, अन्यथा त्या वाहनाची वळणारी चाके क्रेनने वा अन्य साधनाने रस्त्यापासून वर उचललेली हवीत. दोन वाहनांमधील मोकळे अंतर 5 मीटरपेक्षा अधिक नको. दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी हवी. मागच्या वाहनाच्या पाठीवर पांढऱ्या पृष्ठभागावर किमान 75 मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ असे लिहिलेले हवे. वेगाची मर्यादा होती ताशी 24 किलोमीटर. 2017 मध्ये मोटार वाहन (चालन) विनियम लागू झाले आणि त्यांनी 1989 च्या नियमांची जागा घेतली. तथापि, या मर्यादा कशासाठी आखल्या गेल्या हे समजून घेणे आजही उपयोगाचे आहे.

ताशी 24 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 6.7 मीटर अंतर कापते. पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध चालकालाही एक सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे नियमाने ठरवलेल्या वेगातही प्रतिक्रियेचे अंतर दोराच्या लांबीपेक्षा जास्त भरते. वेग ताशी 48 किलोमीटर झाला, तर गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते. पुढच्या चालकाने अचानक ब्रेक दाबला, तर मागच्याच्या हाती काहीच उरत नाही. दोर लांब करून हा प्रश्न सुटत नाही. लांब दोर सैल पडतो, चाकाखाली येतो आणि दोन गाड्यांच्या मधून दुचाकीस्वार घुसण्याची भीती वाढते.

आधी माणसे, मग गाडी

गाडी बंद पडताच ती शक्य तितकी डावीकडे, कडेच्या पट्ट्यावर घ्यावी आणि चारही इंडिकेटर सुरू करावेत. प्रवाशांनी रहदारीच्या विरुद्ध बाजूने उतरून कठड्यापलीकडे किंवा रस्त्यापासून दूर उभे राहावे. गाडीत किंवा गाडीच्या मागे थांबू नये, कारण मागून येणारे वाहन धडकले तर पहिला आघात तेथेच होतो. परावर्तक त्रिकोण गाडीच्या मागे पुरेशा अंतरावर ठेवावा. द्रुतगती मार्गावर हे अंतर निदान 50 मीटर असावे. वळण किंवा चढाचा माथा असेल, तर त्रिकोण त्याच्या अलीकडे ठेवावा.

राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा निःशुल्क मदत क्रमांक उपलब्ध आहे. त्यावरून गस्ती वाहन, क्रेन आणि रुग्णवाहिका यांची मदत मागता येते. अन्य रस्त्यांवर आपत्कालीन प्रसंगी 112 हा क्रमांक आहे. फोन करताना महामार्गाचे नाव, जवळच्या दगडावरील किलोमीटरचा आकडा आणि प्रवासाची दिशा सांगितली, तर मदत योग्य ठिकाणी पोहोचते.

कोणती गाडी दोराने ओढू नये

ब्रेक किंवा स्टिअरिंग निकामी झालेली, चाक वाकलेले किंवा सस्पेन्शन तुटलेले, अपघातात पुढचा भाग चेपलेला, इंजिनमधून धूर येत असलेला, अशी कोणतीही गाडी दोराला लावू नये. दिवे लागत नसतील, तर रात्री ओढकाम करू नये. घाटाच्या उतारावर दोराचा वापर पूर्णतः टाळावा. सह्याद्रीतील घाट असो, हिमाचल-उत्तराखंडातील डोंगरी रस्ते असोत की निलगिरीची वळणे, उतारावर मागची गाडी पुढच्या गाडीवर चालून येते आणि दोर नुसता लोंबकळत राहतो.

ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. अनेक प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये वंगण फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली, तर गिअरबॉक्सचे आतील भाग कोरडेच घासले जातात आणि थोड्या अंतरातही मोठ्या खर्चाची हानी होते. ‘एएमटी’ प्रकारात गिअरबॉक्सची रचना मॅन्युअलसारखीच असते. परंतु गिअर बदलण्याचे काम विजेवर होत असल्याने गाडी गिअरमध्ये असताना वीज गेली, तर ती न्यूट्रलमध्ये आणता येत नाही. विद्युत मोटारींत चाके फिरली की त्यांना जोडलेली मोटर बहुधा जनित्रासारखी वागते आणि नको तेथे वीज निर्माण होते. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाड्यांत दोन चाके उचलून दोन फिरत ठेवली, तरी यंत्रणेवर ताण येतो. या सर्व गाड्यांसाठी फ्लॅटबेड, म्हणजे चारही चाके वर घेणारा सपाट ट्रक, हाच सुरक्षित मार्ग. निर्मात्याच्या पुस्तिकेत ओढण्याविषयी स्वतंत्र प्रकरण असते. त्यातील सूचना गॅरेजमधील सल्ल्यापेक्षा वरचढ मानावी.

पावसाळ्यात पाण्यात अडकलेल्या गाडीबाबत आणखी एक पथ्य आहे. इंजिनात पाणी शिरल्याची शंका असेल, तर ती पुन्हा सुरू करण्याचा किंवा ओढून धक्का-स्टार्ट करण्याचा प्रयत्न करू नये. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर सरकला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

दोर कोठे आणि कसा बांधावा

मोटारीसोबतच्या अवजारांत, जॅक आणि पान्याशेजारी, एक लोखंडी कडे दिलेले असते. बंपरवरील छोटे झाकण काढून ते आतील आट्यांत पूर्ण घट्ट बसवायचे असते. काही गाड्यांत हे आटे उलटे असतात. अर्धवट फिरवलेले कडे पहिल्याच झटक्यात निसटते. बंपर, सस्पेन्शनची दांडी, अॅक्सल किंवा मालवाहतुकीच्या वेळी गाडी बांधण्यासाठी ठेवलेली छिद्रे यांना दोर लावू नये. ओढणारी गाडी ओढल्या जाणाऱ्या गाडीपेक्षा हलकी नसावी.

दोन गाड्यांना जोडणारे सर्वांत सुरक्षित साधन म्हणजे ताठ लोखंडी दांडा. तो ओढतो तसाच अंतरही राखतो. तो नसल्यास ओढकामासाठी बनवलेला, वजनाची क्षमता छापलेला पट्टा घ्यावा. घरातील सुतळी, गुरांचे दावे किंवा झिजलेली वायर वापरू नये. गाठ मारल्याने दोराची ताकद लक्षणीय कमी होते, म्हणून गाठीऐवजी शॅकल वापरावी. पट्ट्याच्या मध्यावर लाल किंवा चमकदार कापड बांधावे.

आकडे पाहिले, तर सपाट डांबरी रस्त्यावर 1,200 किलो वजनाची मोटार सावकाश पुढे ढकलण्यास साधारण 12 ते 24 किलोंचा जोर पुरतो. दहास एक अशा चढावर त्यात सुमारे 120 किलोंची भर पडते. परंतु सैल दोर झटक्यात ताणला गेला, तर हिशेब पालटतो. तेवढ्याच वजनाच्या दोन गाड्या असतील, पुढची केवळ चालण्याच्या गतीने, ताशी 5 किलोमीटरने, निघाली असेल आणि दोर ताणला जाऊन 10 सेंटिमीटरच लांबला असेल, तर क्षणभराचा झटका एक टनाच्या घरात जातो. तुटलेला दोर किंवा सुटलेला हुक अशा वेळी गोफणीतील दगडासारखा फेकला जातो. म्हणून दोर ताणला जात असताना त्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा अधिक अंतरावर ठेवावे.

दोन चालकांची समजूत

निघण्यापूर्वी दोन्ही चालकांनी मार्ग, थांबण्याची ठिकाणे आणि खुणा ठरवून घ्याव्यात. एक हॉर्न म्हणजे सावकाश, दोन हॉर्न म्हणजे थांबा, असा साधा संकेतही पुरतो. ओढल्या जाणाऱ्या गाडीत चालकाखेरीज कोणीही बसू नये. तिचा गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला आणि किल्ली चालू असावी. निघण्याआधी एकदा कडक ब्रेक दाबून पाहावा, म्हणजे किती जोर लागतो याचा अंदाज येतो.

पुढच्या चालकाने पहिल्या गिअरमध्ये, क्लच हळूहळू सोडत दोर ताणून घ्यावा आणि मगच गती द्यावी. वळण रुंद घ्यावे, गिअर अलगद बदलावा आणि थांबण्याची सूचना नेहमीपेक्षा खूप आधी द्यावी. मागच्या चालकाचे मुख्य काम दोर ताणलेला ठेवण्याचे असते. पुढची गाडी मंदावते आहे असे दिसताच त्याने स्वतः हलका ब्रेक लावावा, म्हणजे दोर सैल पडत नाही आणि पुढचा झटका टळतो. अनुभवी मेकॅनिक म्हणूनच अधिक कसलेला चालक मागच्या गाडीत बसवणे पसंत करतात. वाटेत दोर जमिनीला टेकला, तर पुन्हा ओढण्याआधी दोन्ही गाड्या थांबवून तो सरळ करावा.

दुचाकीला दोराने ओढू नये. एका हाताने दोर धरलेला स्वार तोल सावरू शकत नाही. एका रिक्षाचालकाने दुसऱ्याची बंद रिक्षा पाय लावून ढकलत नेणे हे शहरांत नेहमीचे दृश्य असले, तरी चाकाजवळ आलेला पाय आणि रहदारीवरून हटलेली नजर यांमुळे त्यात दोघांनाही धोका असतो.

क्रेन आल्यावर

दोन चाके उचलणारी क्रेन आली असेल, तर इंजिनची शक्ती मिळणारी चाकेच वर घेतली जात आहेत याची खात्री करावी. पुढच्या चाकांना शक्ती मिळणारी गाडी पुढून उचलावी, मागच्या चाकांना मिळणारी मागून. फ्लॅटबेडवर चढवताना गाडीच्या चारही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत, मौल्यवान वस्तू काढून घ्याव्यात आणि चाकांना पट्टे बांधल्याशिवाय ट्रक हलू देऊ नये. वर चढवलेल्या गाडीत कोणी बसू नये. शुल्क, अंतर आणि गॅरेजचा पत्ता आधी ठरवून पावती घ्यावी.

विम्याच्या बाबतीत अपघात आणि बिघाड यांत फरक केला जातो. विमासंरक्षित अपघातानंतर गाडी जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्याचा खर्च सर्वसाधारण पॉलिसीत मर्यादित रकमेपर्यंत मिळतो. निव्वळ यांत्रिक बिघाडासाठी मात्र बहुधा रस्त्यावरील मदतीचे स्वतंत्र पूरक संरक्षण घ्यावे लागते. त्या सेवेचा क्रमांक फोनमध्ये साठवलेला असणे आणि डिकीत त्रिकोण, ओढण्याचे कडे, छापील क्षमतेचा पट्टा व विजेरी असणे, एवढी तयारी लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी दहा मिनिटांत तपासून घेता येते.