दोन राखीव जागांच्या मध्ये
(शांताबाई दाणी आणि दलित स्त्रीचा राजकीय उदय)

वेदगंगेच्या खोऱ्यातील मुरगूड आणि हातकणंगले तालुक्यातील माणगाव या गावांमधील अंतर थोडे नाही. परंतु संस्थानी अमदानीत ही दोन्ही गावे कागलच्या थोरल्या पातीच्या जहागिरीतच मोडत. माणगावास २१ व २२ मार्च १९२० रोजी बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. भीमराव आंबेडकर नावाचा तरुण पदवीधर तिचा अध्यक्ष होता, आणि अस्पृश्य समाजास आता त्याच्यातूनच पुढारी लाभला आहे, असे शाहू छत्रपतींनी त्या सभेत जाहीरपणे सांगितले. मुरगूडसारख्या गावाच्या दृष्टीने हा इतिहास परका नव्हे. तो घरचाच आहे. तथापि त्या परिषदेची हकीकत वाचताना एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. ज्या समाजास त्या दिवशी पुढारी मिळाला, त्या समाजातील स्त्रियांस पुढारीपणाची वाट कोणी पाडून दिली?

या प्रश्नास आज एक तयार उत्तर मिळते, ते असे की, कायद्याने दिली. १९९२ सालच्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामपंचायतींत व नगरपालिकांत स्त्रियांसाठी, आणि त्यांतही अनुसूचित जातींच्या स्त्रियांसाठी, जागा राखून ठेवल्या. अध्यक्षपदेही त्याच रीतीने राखीव झाली. त्यामुळे लहानशा नगरपालिकेच्या खुर्चीवर दलित स्त्री बसली, की चारचौघे म्हणतात, ‘‘सरकारने बसविली, म्हणून बसली.’’ सुशिक्षितांच्या घरांतूनही हे वाक्य ऐकू येते. ते इतिहासाला धरून नाही, एवढेच दाखविण्याचा आमचा येथे हेतू आहे.

आरंभ कोल्हापुरापासूनच करू. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांस निम्म्या जागा राखून दिल्या, आणि पुढे १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आंतरजातीय विवाह व काडीमोड यांसंबंधी त्यांनी केलेले कायदे १९१९ च्या सुमाराचे आहेत. म्हणजे जात आणि स्त्रीचा संसार हे दोन प्रश्न एकाच राजाच्या दफ्तरात शेजारी शेजारी आले होते. परंतु हे सारे वरून आलेले होते. ज्यांच्यासाठी ते होते, त्या स्त्रियांचा आवाज त्यात अद्याप मिसळला नव्हता.

तो प्रथम चळवळीच्या मैदानात उमटला. महाडास डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांशी स्वतंत्र भाषण करून त्यांस राहणी बदलण्याचा व मुलींस शिकविण्याचा उपदेश केला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात स्त्रियाही सामील झाल्या. मंदिराच्या दारात उभे राहावयास कोणाची परवानगी लागत नव्हती. कायदेमंडळाच्या दारात उभे राहावयास मात्र मतदारसंघ लागतो. गोष्ट अडली ती तेथे.

१९३५ च्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या विधानसभेस १७५ जागा मिळाल्या. त्यांत १५ जागा अस्पृश्य वर्गासाठी राखीव होत्या आणि ६ स्त्रियांसाठी. वाचकांनी या दोन आकड्यांकडे क्षणभर निरखून पाहावे. पंधरांच्या यादीत अस्पृश्य होते, परंतु त्यांत स्त्री असावी अशी अट नव्हती. सहांच्या यादीत स्त्रिया होत्या, परंतु त्यांत अस्पृश्य असावी अशी अट नव्हती. पहिल्या जागा पुरुषांकडे आणि दुसऱ्या शिकलेल्या वरिष्ठ वर्गाकडे जाव्या, हे ओघानेच आले. मताचा हक्कही मालमत्ता, साक्षरता अशा अटींनी जखडलेला. अशा रीतीने जी स्त्री दोन्ही वर्गांत मोडत होती, ती दोहोंच्याही बाहेर राहिली.

ही फट त्या स्त्रियांनीच ओळखली. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, आणि त्याच मंडपात २० जुलै रोजी दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्ष होत्या आणि स्त्रिया हजारोंच्या संख्येने आल्या होत्या. काडीमोडीचा हक्क, बहुपत्नीकत्वास बंदी, गिरण्यांतून व विड्यांच्या कारखान्यांतून राबणाऱ्या बायकांस रजा व सवलती, मुलींसाठी सरकारी वसतिगृहे अशा मागण्या त्यांनी केल्या. आणि कायदेमंडळांत व स्थानिक संस्थांत आपल्या वर्गाच्या स्त्रियांस प्रतिनिधित्व असावे, हाही ठराव त्यात होता. १९९२ साली घटनेत जे लिहिले गेले, ते १९४२ साली नागपूरच्या मंडपात मागितले गेले होते. मागणी आणि मान्यता यांच्यामध्ये पन्नास वर्षे गेली. परंतु मागणाऱ्यांचे नाव त्यामुळे पुसले जाऊ नये.

या पन्नास वर्षांतील राजकारणाचे चित्र ज्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते, त्या शांताबाई दाणी. पहिले महायुद्ध संपले त्या सुमारास नाशिकला एका गरीब महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षणाची हौस घरच्या दारिद्र्याला परवडणारी नव्हती, तरीही त्या शिकत शिकत महाविद्यालयापर्यंत पोहोचल्या. काळाराम सत्याग्रहाचे सेनानी दादासाहेब गायकवाड यांनी त्यांस चळवळीत आणले. व्यासपीठावर उभे राहून खेड्यापाड्यांतील स्त्रीपुरुषांस त्यांच्याच बोलीत समजावून सांगणारी तरुण सुशिक्षित मुलगी त्या काळी कोठे होती? जे काम पुरुष पुढाऱ्यांस जमत नव्हते, ते, म्हणजे घराच्या आत जाऊन चुलीपाशी बसलेल्या बाईस सभेला आणणे, शांताबाईंनी केले.

१९४६ च्या आरंभीच्या निवडणुकांत फेडरेशनचा मोठा पराभव झाला, आणि त्यानंतर ब्रिटिश मंत्रिमंडळाने पाठविलेल्या त्रिमंत्री शिष्टमंडळाच्या योजनेत दलितांच्या स्वतंत्र राजकीय अस्तित्वास स्थान मिळाले नाही. मतपेटीने दार लावले तेव्हा फेडरेशनने जुलै महिन्यात पुण्यास सत्याग्रह आरंभिला. शांताबाई त्यात उतरल्या व त्यांस अटक झाली. पुढे दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा प्रचंड सत्याग्रह १९६४ च्या डिसेंबरात सुरू झाला, त्या लढ्यातही त्या होत्या. एकीकडे तुरुंग, तर दुसरीकडे नाशिकला रमाबाई आंबेडकरांच्या नावाने मुलींचे वसतिगृह. ही दोन्ही कामे त्यांनी एकाच निष्ठेने केली. वसतिगृह हे त्यांच्या राजकारणाचे जोडकाम होते, असे समजणे चूक ठरेल. नागपूरच्या ठरावात प्रतिनिधित्वाच्या शेजारीच वसतिगृह बसले होते, यातच त्याचा अर्थ आहे. शिकलेली मुलगी नसेल, तर राखीव जागेवर बसावयास कोणास पाठविणार?

१९६८ पासून १९७४ पर्यंत शांताबाई महाराष्ट्र विधानपरिषदेच्या सभासद होत्या. या गोष्टीचे मर्म बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. विधानसभेत अनुसूचित जातींस राखीव जागा असतात. विधानपरिषदेत त्या नसतात. ना जातीसाठी, ना स्त्रियांसाठी. ‘‘कायद्याने बसविली’’ हे वाक्य निदान या स्त्रीस लावता येत नाही. राज्यातील सभागृहात त्या पोहोचल्या त्या पंचवीस वर्षांच्या कामाच्या पुण्याईवर.

परंतु त्यांचा उदय सहा वर्षांच्या सभासदत्वाच्या पलीकडे का गेला नाही, हेही विचारले पाहिजे. आमच्या मते त्याचे मुख्य कारण पक्षात आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष थोड्याच वर्षांत फुटला, आणि फुटतच राहिला. ज्या घरास छप्पर उरले नाही, त्या घरातील कर्तबगार लेकीस माडी कोठून मिळणार? उलट उदाहरण उत्तरेत घडले. पुण्यास नोकरी करीत असता आंबेडकरी चळवळीच्या सहवासात घडलेल्या कांशीराम यांनी १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष काढला, तो एकसंध बांधला, आणि ३ जून १९९५ रोजी मायावती उत्तर प्रदेशाच्या मुख्यमंत्री झाल्या. देशात या पदावर बसलेली पहिली दलित स्त्री ती हीच. २००७ साली त्यांच्या पक्षास स्वबळावर बहुमतही मिळाले. त्यांच्या राजवटीत कानपूरच्या विद्यापीठास कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे नाव दिले गेले, ही गोष्ट कोल्हापूरकरांस अभिमानाची वाटते व वाटावीच. परंतु तिच्यात एक टोचणीही आहे. बीज येथले, आणि पीक तेथे आले. मायावतींच्या कारभारासंबंधी मतभेद असतील. मात्र संघटनेवाचून व्यक्तीचा उदय टिकत नाही, हा धडा त्या दोन चरित्रांच्या तुलनेत उघड दिसतो.

शांताबाईंस १९८७ साली महाराष्ट्र शासनाचा सावित्रीबाई फुले पुरस्कार मिळाला. त्यांनी आपल्या आत्मकथनास ‘रात्रंदिन आम्हां’ असे नाव दिले, आणि २००१ साली त्यांचा अंत झाला. त्यांच्या हयातीतच घटनेने ती जुनी फट बुजविली: अनुसूचित जातींच्या राखीव जागांपैकी निदान एकतृतीयांश त्या जातींच्या स्त्रियांस मिळाव्या, असे ठरले. महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांचा वाटा २०११ मध्ये निम्म्यापर्यंत नेला, आणि २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीने लोकसभा व विधानसभांसाठीही तेच तत्त्व मान्य केले. त्याचा अंमल मात्र जनगणनेनंतरच्या मतदारसंघ-फेररचनेवर सोपविला. कायदा एवढेच करू शकतो. खुर्ची तो मोकळी करून देतो. तीवर बसणारीचा शब्द कचेरीत चालावा की तिच्या नवऱ्याचा वा दिराचा चालावा, हे गाव ठरविते.

म्हणून मुरगूडच्या काय किंवा दुसऱ्या एखाद्या लहान गावच्या काय, नगरपालिकेत उद्या एखादी दलित स्त्री अध्यक्षस्थानी दिसली, तर सुशिक्षित कुटुंबांनी तिला सरकारची पाहुणी समजू नये. माणगावच्या परिषदेपासून नागपूरच्या ठरावापर्यंत, आणि पुण्याच्या तुरुंगापासून नाशिकच्या वसतिगृहापर्यंत जी वाट चालली गेली, तिच्यावरूनच ती आली आहे. तिच्या हाती शिक्का आला आहे. तो तिलाच उठवू द्यावा, एवढे तरी आपल्या हाती खचित आहे.